आधी कुणाचं द्यायचं?

प्रश्न: आम्ही कोल्हापूरजवळच्या उचगावात राहतो. मिस्टर शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. दिवाळीनंतर ऑर्डरी कमी झाल्या, आठवड्याला सहाच्या जागी चारच दिवस काम मिळतं. हातात वीस हजार यायचे ते आता साडेतेरा येतात. माझे शिलाईचे साडेचार. मुलगी बारावीला, मुलगा आठवीला, सासूबाईंना शुगर आहे. हप्ते असे: घरकर्ज ५,८००, गाडी २,१५०, दोन महिला गटांच्या कर्जाचे २,२४० आणि १,८६०, भिशी १,५००. शिवाय एका ओळखीच्या माणसाकडून २०,००० घेतलेत, त्याचं व्याज महिन्याला २,००० (हे सासूबाईंना माहीत नाही). गंठण आणि दोन अंगठ्यांवर ८०,००० सोनेतारण आहे, त्याची मुदत आषाढात संपते. किराणा अजून किती कमी करू? एक मॅडम तिसऱ्या गटाचं कर्ज देते म्हणतात, घेऊ का?

उत्तर:

ताई, तिसऱ्या गटाचं कर्ज घ्यायचं नाही. आणि किराणाही आता आणखी कमी करायचा नाही.

तुम्ही आकडे सगळे दिलेत, पण बेरीज केलेली नाही. बहुतेक जण करत नाहीत, भीती वाटते. मी केली. हप्ते, भिशी आणि व्याज मिळून १५,५५०. घरात येतात १८,०००. उरतात २,४५०. त्यात पाच माणसांचं खाणं, गॅस, लाइट बिल, सासूबाईंच्या गोळ्या, मुलीचा बसपास. आमटीत पाणी वाढवून २,४५० चे पाच हजार होत नाहीत. तुमच्या घरात खर्च जास्त नाही, हप्ते जास्त आहेत. म्हणून काय कमी खायचं हा प्रश्नच सोडा. कुणाचं आधी द्यायचं, कुणाला थांबवायचं आणि कुणाला कायमचं बंद करायचं, एवढंच बघू.

मी सव्वीस वर्षं पतसंस्थेत काढली, त्यातली सतरा वसुलीला. म्हणजे तुमच्यासारख्यांच्या दारात जाऊन उभा राहणारा माणूस मी. निवृत्त झाल्यापासून लोक कागद घेऊन घरी येतात आणि मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. वसुलीत नव्यानं आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते: जो सकाळी लवकर जातो, मोठ्यानं बोलतो आणि उठत नाही, त्याचे पैसे आधी येतात. देणारं घर हिशेबानं देत नाही, लाजेनं देतं. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडतो? ज्याच्या हातात तारण काही नाही तो. ज्याच्याकडे तुमच्या घराचे कागद आहेत त्याला ओरडायची गरज नसते. तो गप्प बसतो, नोटीस पाठवतो आणि तारखा मोजतो.

मागं शाहूपुरीतल्या एक बाई आल्या होत्या. बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला होता, तो माझ्यापुढं फरशीवर उपडा केला. पावत्या, गटाची कार्डं, चेकबुकची रिकामी अर्धुकं, आणि सोनेतारणाची पावती आठ घड्या घालून ठेवलेली. घडीवरची शाई इतकी उडाली होती की वजनाचा आकडा वाचता येईना. आम्ही त्या कागदांचे तीन ढीग केले. पहिल्यात, जे काहीतरी उचलून नेऊ शकतात: घर, सोनं, गाडी. दुसऱ्यात, ज्यांचं थकलं तर आपल्यामुळं दुसऱ्या माणसाला भरावं लागतं: गटातल्या बायका, जामीनदार, भावकी. तिसऱ्यात, जे नुसते फोन करतात. मग मागच्या सहा महिन्यांत कुठल्या ढिगाला किती गेले ते लिहिलं. सगळ्यात जास्त पैसे तिसऱ्या ढिगाला गेले होते. एका मोबाइल ॲपवाल्याला त्यांनी घेतल्याच्या दुप्पट दिले होते आणि घरकर्जाचे दोन हप्ते थकले होते. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो दिवसातून वीस वेळा फोन करायचा हो."

तुम्हीही आज रात्री हे ढीग करा. तुमचे कागद बघितल्याशिवाय मी जे सांगतोय ते अंदाजानं आहे, पण वाट बहुतेक हीच असेल.

सुरुवात त्या ओळखीच्या माणसापासून. महिन्याला दहा टक्के म्हणजे वर्षाला एकशेवीस. महाराष्ट्रात सावकारीचा कायदा आहे, २०१४ चा. त्याखाली परवानाधारक सावकारालासुद्धा बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, तारण असेल तर १५. शेतकऱ्याला विनातारण १२ आणि तारणी ९. शिवाय दामदुप्पटीचा नियम आहे: व्याज म्हणून मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. तुम्ही किती महिने भरताय ते लिहिलं नाही. दहा महिने झाले असतील तर मुद्दलाएवढं व्याज गेलंच. आणि या माणसाकडे परवाना आहे का? नव्वद टक्के नसणार. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि परवाना नसलेल्याला कोर्ट वसुलीचा हुकूम देत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करायची असते.

तरी उद्या उठून तक्रार करा असं मी म्हणणार नाही. ओळखीतला माणूस, गल्लीत रोज तोंड दिसणार. माझा अनुभव असा की दोन वजनदार माणसं बरोबर घेऊन गेलं, आवाज न चढवता "मुद्दल एकरकमी देतो, आजपासून व्याज बंद" म्हटलं, आणि कायदा आपल्याला माहीत आहे एवढं त्याला कळू दिलं, तर दहातले सात-आठ ऐकतात. ऐकलं नाही तर निबंधकाचं ऑफिस आहेच. पैसे देताना एक गोष्ट मात्र विसरू नका. घेतेवेळी कोरा चेक किंवा सही केलेला स्टॅम्प दिला असेल, तर एका हातानं पैसे आणि दुसऱ्या हातानं तो कागद. "घरी आहे, उद्या देतो" म्हटलं की पैसे परत खिशात. कोरा चेक मागं राहिला आणि वर्षानं भलत्याच रकमेला वटवायला टाकला गेला, की १३८ ची (चेक न वटल्याची) केस तुमच्यावर. अशा केसेस मी डोळ्यांनी बघितल्यात.

वीस हजार कुठून आणायचे? भिशीतून. तुमची भिशी चिठ्ठीची आहे की लिलावाची ते कळलं नाही. महिना १,५०० आणि साधारण वीसेक जणी धरल्या तर रक्कम तीस हजारांच्या घरात जाते. तुमचा नंबर अजून लागला नसेल तर येत्या बैठकीत एखादीला सांगून नंबर बदलून घ्या. बायका एकमेकींना सांभाळून घेतात, कारण मात्र खरं सांगावं लागतं. लिलावाची असेल तर जास्त रक्कम सोडून उचलू नका, तोही सावकारच होतो. भिशी उचलल्यावर पुढचे १,५०० भरतच राहायचे, ते बुडवायचे नाहीत. भिशीत शब्द गेला की परत कुणी आत घेत नाही.

त्या तिसांतून वीस सावकाराला. उरलेल्या दहात लहान गट. १,८६० चे चार-पाच हप्ते राहिले असतील तर एकरकमी बंद करून टाका. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गटाच्या, कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि पुढचं व्याजही वाचतं. बंद केल्यावर कार्डावर शिक्का आणि "बाकी नाही"चा दाखला घ्या. एवढ्या दोन दारांनीच महिन्याचे ३,८६० सुटले.

आता मोठ्या गटाचं, आणि त्या तिसऱ्या मॅडमचं. २०२२ पासून नियम असा आहे की तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराला विनातारण मायक्रोफायनान्स कर्ज देताना घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सगळे म्हणजे घरकर्ज आणि गाडीसकट. तुमचे आजच निम्म्याच्या कितीतरी वर आहेत. तरी ती मॅडम देते म्हणते, याचा अर्थ फॉर्मवर तुमचं उत्पन्न वाढवून लिहिलं जाणार. तिला टार्गेट आहे. तिच्यावर राग धरू नका, पण सहीही करू नका. एका गटाच्या कर्जानं दुसऱ्या गटाचा हप्ता भरायला लागलं की पुढं काय होतं ते मी उचगावपासून इचलकरंजीपर्यंत बघितलंय. तिसरं घेणारी बाई वर्षभरात चौथं शोधायला लागते.

गटाची वसुली सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर करता येत नाही. शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर उभं करणं, घरातल्या बाकीच्यांना त्रास देणं हे काहीही चालत नाही. उशिराचा दंड थकलेल्या हप्त्यावर, सगळ्या कर्जावर नाही. हे माहीत असावं. पण माझं मत असं की गट हा दुसऱ्या ढिगातला आहे. तुम्ही नाही भरलं तर शेजारची भरते आणि मग नळावर बोलणं बंद होतं. म्हणून मोठ्या गटाचा हप्ता चालू ठेवा. नाहीच जमलं एखाद्या महिन्यात, तर बैठकीच्या आदल्या दिवशी सांगा. आदल्या दिवशी सांगणारी अडचणीतली असते आणि त्या दिवशी दार न उघडणारी बुडवी असते. रक्कम दोघींची सारखीच.

आता घरकर्ज. हा गप्प बसणारा. कर्ज नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं. त्यानंतर सरफेसी या बँकांच्या वसुलीच्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येऊ शकते आणि त्यापुढं घराचा ताबा. नव्वद दिवस म्हणजे जेमतेम तीन हप्ते. त्याच्या आत बँकेत जाल तर शाखाधिकारी तुमच्याशी बोलू शकतो, त्याच्या हातात काहीतरी असतं. नंतर खातं वसुली विभागाकडे जातं आणि माझ्यासारख्याशी गाठ पडते. आमच्या हातात मुदत वाढवणं नसायचं, वसुली असायची.

जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. मिस्टरांच्या मागच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, आधीच्या आणि आताच्या, म्हणजे फरक दिसेल. जमल्यास कामाचे दिवस कमी झाल्याचं कंपनीचं पत्र. खातेउतारा. आणि एक अर्ज, दोन प्रतींत: काम कमी झालंय, हप्ता बुडवायचा नाही, मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळावा. एका प्रतीवर पोहोच घ्या, शिक्का आणि तारीख. "साहेब, बघा की जरा" असं तोंडी म्हटलेलं कुठंही नोंदलं जात नाही. मी स्वतः टेबलावर बसून शेकडो लोकांना "बघतो" म्हटलंय आणि संध्याकाळपर्यंत विसरलोय. शिक्का मारलेला कागद विसरता येत नाही.

समजा तुमची बाकी ४ लाख ६० हजार आहे आणि व्याज १० टक्के. आताच्या हप्त्यानं ते साधारण अकरा वर्षांत फिटेल. मुदत वीस वर्षं केली तर हप्ता ४,४५० च्या आसपास येतो. तेराशे-साडेतेराशे सुटतात. पण हे फुकट नाही. अकरा वर्षांत साडेसात लाख भरायचे ते वीस वर्षांत साडेदहा लाखांच्या वर भराल. म्हणून काम पूर्ववत झालं त्याच महिन्यात परत जायचं आणि हप्ता वाढवून घ्यायचा. हे कुणी करत नाही. तुम्ही करा.

"हप्ते थांबवून द्या" म्हणून मागू नका. २०१९ च्या ऑगस्टात पुरानं शिरोलीपाशी महामार्ग बंद पडला होता तेव्हा, आणि नंतर २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची मुभा दिली होती तेव्हाही, लोकांना वाटलं हप्ता थांबला म्हणजे सूट मिळाली. हप्ता थांबतो, व्याज चालूच असतं. सहा महिन्यांनी बाकी बघून आमच्या काउंटरवर लोक भांडायला आले होते. चूक त्यांची नव्हती, समजावून कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीही नाही.

गाडीचा हप्ता चालू ठेवा. शिरोलीला जायला-यायला ती लागते आणि दुचाकी उचलून न्यायला फायनान्सवाल्यांना फार वेळ लागत नाही.

सोनं. यावर मी थोडं कडू बोलणार आहे. ८०,००० वर बारा टक्के धरले तर वर्षाचं व्याज ९,६००. मुदत संपली की लोक काय करतात? व्याज भरून नूतनीकरण. पुढच्या वर्षी परत. माझ्याकडे एक गंठण नऊ वर्षं असं फिरत होतं. नऊ वर्षांत व्याजातच तेवढ्याला दुसरं गंठण झालं असतं. बाई दर वर्षी व्याज भरायला यायच्या आणि पिशवी नुसती हातात घेऊन बघायला मागायच्या. सील असायचं, उघडता यायचं नाही, तरी बघायच्या.

सोन्याचा भाव गेल्या दोन-तीन वर्षांत फार चढलाय. याचे दोन अर्थ आहेत. एक तुमच्या फायद्याचा: तुम्ही गहाण टाकलं तेव्हापेक्षा त्याच वजनाची किंमत आज जास्त असणार. पावतीवरचं निव्वळ वजन बघा, आजच्या भावानं गुणा. दोन अंगठ्या मोडून सोनेतारण फिटतं का, निदान निम्मं उतरतं का ते कळेल. उतरत असेल तर अंगठ्या मोडा आणि गंठण घरी आणा. मोडायला गुजरीत, सराफांच्या बाजारात, गेलात तर एकाच दुकानात देऊ नका. तीन ठिकाणी वजन करून घ्या, घट किती धरतात ते विचारा, हॉलमार्क असेल तर तो दाखवा. तोळ्यामागं हजारांचा फरक पडतो. "सोनं मोडू नये" हे मलाही घरात शिकवलंय. पण गहाण पडलेलं सोनं अंगावर नसतंच, नुसतं व्याज अंगावर असतं.

दुसरा अर्थ तुम्हाला काउंटरवर सांगतील: "भाव वाढलाय, याच सोन्यावर आणखी तीस हजार मिळतील, नेता का?" नाही. भाव उतरला की तीच संस्था फरक भरा म्हणून फोन करते.

मुदत संपून लिलावाची वेळ आलीच तर आधी नोटीस देणं बंधनकारक आहे आणि लिलावात येणे रकमेपेक्षा जे जास्त येईल ते तुमचं असतं. मागून घ्यायचं, आपण होऊन फारसं कुणी देत नाही. सोनं बँकेत किंवा फायनान्स कंपनीत असेल आणि दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, १४४४८ वर माहिती मिळते. पतसंस्थेत असेल तर लोकपाल नाही, तिथं सहकार खात्याचा निबंधक. कोल्हापुरात लोक हा फरक करत नाहीत, "बँक" म्हणून पतसंस्थेचं नाव सांगतात. जाता जाता, ज्यांच्या थोड्याफार ठेवी आहेत त्यांनीही हा फरक ध्यानात ठेवावा: बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हे मी पतसंस्थेतच सव्वीस वर्षं नोकरी करून सांगतोय.

तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारतो: मिस्टर कुणाला जामीन आहेत का? फौंड्रीतली माणसं एकमेकांना सह्या देतात, चहाला नाही म्हणत नाहीत तसं जामीनकीला नाही म्हणत नाहीत. पतसंस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढला की तो कर्जदाराइतकाच जामीनदारालाही लागू होतो, आणि पगारातून कपात सुरू होऊ शकते. साडेतेरातून आणखी दोन हजार गेले तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. आजच विचारा. विचारताना भांडण नको, नुसती यादी करा.

एवढं जमलं तर महिन्याचं असं दिसेल: घरकर्ज ४,४५०, गाडी २,१५०, मोठा गट २,२४०, भिशी १,५००. मिळून १०,३४०. उरले ७,६६०. पाच माणसांना हेही ओढूनताणूनच आहे, पण महिना सरतो. बँकेनं मुदत वाढवली नाही तर सहा हजार तीनशे. तरी २,४५० पेक्षा बरे.

किराण्याबद्दल दोनच शब्द, कारण घर चालवणं तुम्हाला माझ्यापेक्षा कळतं. दुकानात वही चालू असेल तर ती बंद करा. मागची बाकी महिन्याला तीनशे-चारशे करून फेडा आणि नवीन सगळं रोखीनं, पाहिजे तर थोडं थोडं. वहीवर घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही आणि लक्ष्मीपुरीच्या बाजारात स्वस्त मिळतंय म्हणून तिकडं जाताही येत नाही. वर्षाची चटणी मात्र उन्हाळ्यात घरीच करा. मिरची महाग वाटते, पण विकतच्या पाकिटांनी वर्षभरात जास्त जातात. विजेचे शंभर युनिट हा एक उंबरठा आहे. त्याच्या वरच्या प्रत्येक युनिटचा दर जवळपास दुप्पट पडतो, तेव्हा मीटर महिन्याच्या मध्यावर एकदा बघत जा. रविवारचं मटण पार बंद करू नका. अर्धा किलोचं पाव किलो करा, रस्सा वाढवा, एखादा रविवार अंड्यांवर काढा. आमच्याकडे एका काटकसरी गृहस्थानं सहा महिने मटण बंद केलं होतं, सातव्या महिन्यात थोरला पोरगा उधारीवर धाब्यावर जेवायला लागला.

खरा खर्च जत्रा, म्हाई, बारशी आणि लग्नातल्या आहेरात जातो. तो कुठल्या यादीत नसतो आणि महिन्याला हजार-दीड हजार नेतो. माहेरी आणि भावकीत एकदा तोंडानं सांगून टाका की या वर्षी आमचं ओढाताणीचं आहे, येऊ, जेवू, पाकीट नाही. एकदा सांगायला जड जातं.

सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घ्या. डॉक्टरला औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा. आणि घरात कुणाचं मोठं दुखणं निघालं तर कर्ज काढायच्या आधी रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात तो बसलेला असतो. आता केशरीच काय, पांढरं कार्डही चालतं, आणि ठरलेल्या उपचारांना कुटुंबामागं वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च योजनेतून होतो. मी वसूल केलेल्या थकीत कर्जांत दवाखान्याची कर्जं फार होती. त्यातल्या कितीतरींना कार्ड होतं, कपाटात.

मिस्टरांचा कपातीआधीचा पगार २१,००० च्या आत असेल, तर ईएसआय (कामगार विमा) कापत असणार. पावतीवर बघा. आजारपणात रजा पडली तर ईएसआयकडून पगाराच्या सत्तर टक्क्यांप्रमाणे वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतं. फॉर्म न भरता लोक ते सोडून देतात. कंपनीत पन्नास किंवा जास्त कामगार असतील आणि मिस्टरांना वर्ष झालं असेल, तर ले-ऑफच्या, म्हणजे काम नाही म्हणून बसवलेल्या, दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्त्याचा निम्मा मिळायला पाहिजे. ठेकेदाराकडून असतील तर अवघड होतं. तरी विचारायला काय जातं? पीएफला शेवटपर्यंत हात लावू नका. २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालंय, आणि सावकाराला द्यायला पीएफ काढला की म्हातारपण गहाण पडतं. दोन दिवस रिकामे मिळतायत तर गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फौंड्र्यांत विचारून यावं. चांगला मोल्डर मिळत नाही अशी तक्रार मंदीतही ऐकतो. हातगाडीसाठी कर्ज काढायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो सध्या बाजूला.

तुमच्या शिलाईचे दर किती वर्षांत वाढवले नाहीत? ब्लाउजला वीस रुपये वाढवले तर दोन गिऱ्हाइकं जातील, बाकीची कुरकुरतील आणि येतील. जूनच्या आधी शाळांच्या गणवेशाचं काम धरा, कापड गिऱ्हाइकाचं, म्हणजे भांडवल लागत नाही.

मुलगी बारावीला आहे, म्हणजे वर्षभरात कॉलेजची फी आली. त्यासाठी आतापासून कर्ज बघू नका. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना, प्रवेश कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश, फेरीतून झाला असेल तर. ज्या शाहू महाराजांनी १९०१ मध्ये इथं वसतिगृह काढून खेड्यातली पोरं शिकवली, त्यांच्याच नावानं शिक्षण शुल्काची योजना आहे आणि आपल्याच गावातली माणसं कागद नाहीत म्हणून मागं राहतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा, जे लागू असेल ते, आत्ताच सेतू केंद्रात टाका. जून-जुलैत तिथं पाय ठेवायला जागा नसते.

राहिलं सासूबाईंचं. सावकाराचं त्यांना सांगा. तुम्ही दोघं महिन्याला दोन हजार लपवताय, त्यासाठी दर महिन्याला काहीतरी खोटं सांगावं लागत असणार, आणि त्यांना काहीतरी चाललंय हे कळतही असणार. वसुलीला गेल्यावर दारात म्हातारं माणूस आलं की मला लगेच कळायचं, याला माहीत आहे की नाही. माहीत नसलेल्या घरात फार वाईट व्हायचं. मुलीलाही बेरीज दाखवा. सतरा वर्षांची पोरगी हिशेब बघून घाबरत नाही, उलट आपल्याला मोजलं म्हणून बरं वाटतं तिला.

क्रम असा धरा: येत्या रविवारी भिशीत नंबरचं बोला. सोमवारी मिस्टर रिकामे असतील तर दोघांनी मिळून बँकेत, अर्जाच्या दोन प्रती घेऊन. भिशी हातात आली की त्याच दिवशी सावकार, दुसऱ्या दिवशी गट. पैसा घरात आठवडाभर राहिला तर त्याला वाटा फुटतात.

आणि सोनेतारणाची पावती आज रात्रीच काढून बघा. तुम्ही मुदत "आषाढात" लिहिलीय. पावतीवर तारीख असते, आषाढ नसतो.